आज काहीच नाही

लीलाधरनाना पाटबंधारे खात्यातून हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले आणि त्यांच्या हाताला कामच उरलं नाही. जन्मभर कालव्यांचे नकाशे काढलेला तो हात. रेघ जराशी हलली तरी ब्लेडने खरवडून पुन्हा काढणारा माणूस. पिंप्राळ्याच्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर, सोबत बायको वच्छलाबाई, मुलगी पुण्याला दिलेली. नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला. आसपासच्या चार गल्ल्यांत तो पहिलाच.

त्या मशीनची त्यांनी ठेवली तशी बडदास्त घरच्या जावयाचीही कोणी ठेवत नसेल. बसवताना पोरगेलासा देवचंद तारा जोडत होता, त्याचं स्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याने एक तार तिरपी ओढली तेव्हा नानांनी ती काढायला लावून सरळ करून घेतली. मशीनवर कायम कापड. कळफलकाला हात लावायचा तर आधी हात धुवायचे. माउसचा बाण अडखळायला लागला की नाना माउस उलटा करत, आतली गोळी काढत, रुळांवर साचलेली मळाची पट्टी काडीने खरवडत आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेत. काम झालं की थेट बटण दाबायचं नाही, आधी पडद्यावरून रीतसर बंद करायचं, मग वीज काढायची, हे त्यांनी कॉलनीतल्या प्रत्येकाला एकदा तरी समजावून सांगितलं होतं. "मला मेकॅनिक लागत नाही," असं ते म्हणत. लोकांनाही ते खरं वाटे.

खरं एवढंच होतं की नानांना मशीन बाहेरून येत होतं. आत काय चालतं, ते त्यांना फारसं कळत नव्हतं.

दोन घरं सोडून द्रौपदाबाई राहायच्या. एका दवाखान्यात आया होत्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता भाईदास आयटीआय करून मालवाहू जहाजावर फिटर म्हणून लागला होता. त्याला पोस्टाने पत्र टाकलं तर ते पोचेपर्यंत जहाज भलत्याच देशाला गेलेलं असे. नानांकडे इंटरनेट आलं तेव्हा द्रौपदाबाई संकोचत दारात आल्या.

"नाना, मना पोर्‍याना कागद तुमना मशीनवर येई का?"

"का नाही येणार? या, बसा."

भाईदास बंदरात उतरला की तिथल्या दुकानातून मेल टाकायचा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी असे ते. नाना चष्मा पुसून, घसा खाकरून वाचायचे. द्रौपदाबाई जमिनीवर बसून पडद्याकडे बघत ऐकायच्या. संपलं की म्हणायच्या, "परत वाचा." नाना परत वाचायचे. मग त्या उत्तर सांगायच्या आणि नाना दोन बोटांनी ते टाइप करायचे. कॉलनीत नानांना लोक 'पोस्टमास्तर' म्हणू लागले. नानांना ते आवडायचं.

दसरा झाला आणि काहीतरी बिघडलं.

नानांनी फोन जोडला, मॉडेम नेहमीसारखा किंचाळला, लाइन लागली. पडद्यावर छोटी खिडकी उघडली: तीनपैकी पहिला संदेश येत आहे. निळी पट्टी मुंगीच्या पायांनी सरकत पावपर्यंत गेली आणि लाइन तुटली. पुन्हा जोडली. पट्टी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि पुन्हा तुटली. द्रौपदाबाई मागे बसलेल्या. नानांचे कान गरम झाले.

"आज काहीच नाही," ते म्हणाले.

हे पहिलं खोटं काही कपटाने बोललेलं नव्हतं. उद्या लाइन बरी असेल, उद्या घेऊ, असंच त्यांच्या मनात होतं. पण दुसर्‍या दिवशीही तेच झालं, आठवड्याने तेच. खिडकीतला आकडा तेवढा वाढत गेला, तीनाचे पाच झाले, पाचाचे आठ. जाहिरातीच असतील, असं नानांनी स्वतःला सांगितलं. त्यांना स्वतःला कोणी मेल करतच नसे, मुलगी रविवारी फोन करायची. त्यामुळे त्यांचं काही अडत नव्हतं. द्रौपदाबाई मात्र यायच्या, पदराने घाम टिपत उभ्या राहायच्या.

"ऊना का काही?"

"आज काहीच नाही."

वच्छलाबाईंनी एकदा विचारलं, "अहो, त्या चौकटीत आकडा दिसतो तो कशाचा?"

"जाहिरातींचा."

"मग त्या देवचंदला एकदा बोलवा ना. बघून तरी जाईल."

"तुला यातलं काय कळतं?" नाना फाटकन म्हणाले आणि मशीनवर कापड टाकलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी कोपर्‍यावरच्या ओट्यावर पाच-सहा पेन्शनर बसले होते, नाना मधोमध. द्रौपदाबाई कामावरून परतत होत्या. त्या थांबल्या.

"नाना, एक इचारू का? मशीन तं बिघडनं नही ना तुमनं?"

सगळे नानांकडे बघायला लागले. नाना हसले.

"मशीन माझं ठणठणीत आहे, द्रौपदाबाई. पण लिहिणार्‍यानं लिहिलं तर येईल ना! पोरं एकदा समुद्रापार गेली की असंच असतं. मशीनला कशाला दोष द्यायचा?"

कोणीतरी "खरं आहे" म्हटलं, कोणीतरी हसलं. द्रौपदाबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर त्या नानांकडे आल्या नाहीत. पोराचं पत्रच नाही तर उत्तर कसलं, म्हणून मधल्या दिवसांत त्यांनी काही लिहूनही घेतलं नव्हतं. दवाखान्यात कोणी पोराचं विचारलं तर "बरा शे" एवढंच सांगून दुसर्‍या कामाला लागायच्या.

डिसेंबरात जिकडेतिकडे एकच चर्चा होती: साल दोन हजार लागताच सगळे कॉम्प्युटर बंद पडणार. नानांनाही धास्ती बसली. त्या निमित्ताने त्यांनी एका रविवारी देवचंदला बोलावलं. अडकलेल्या मेलचा विषय काढायचा नाही, असं त्यांनी ठरवलंच होतं.

देवचंदने तारीख पुढे-मागे करून पाहिली. "याला काही होत नाही, नाना. निवांत राहा. नेट नीट चालतं ना?" असं म्हणत त्याने सवयीने लाइन जोडलीही. खिडकी उघडली. तो पडद्याजवळ वाकला.

"नाना, इथं तर वीसेक मेल तुंबल्यात. पहिलीच भलती मोठी आहे, कोणी अख्खा फोटो चिकटवलाय. आपल्या लाइनला ती झेपत नाही. भुसावळच्या यार्डात पुढची गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या उभ्या राहतात, तसं झालंय. कधीपासून?"

"झाले दोन-चार दिवस."

देवचंदने पहिल्या मेलची तारीख पाहिली. ऑक्टोबरातली होती.

"ही मोठी तिकडच्या तिकडेच खोडू का? मग बाकीच्या सुटतील. नाहीतर पहाटे लाइन मोकळी असताना एकदा प्रयत्न करून बघता येईल."

"खोड, खोड," नाना घाईने म्हणाले. प्रकरण एकदाचं मिटावं, एवढंच त्यांना हवं होतं.

एक मेल खोडली गेली. मग घंटीसारखा आवाज झाला आणि ओळीने मेल उतरू लागल्या. दोन जाहिराती सोडल्या तर प्रत्येकीवर एकच नाव, भाईदास. देवचंदने जाताना सांगितलं, फोटो लहान करून पाठवायला सांगा, जुनं वाचून झालं की खोडत जा. दारात चपला घालताना म्हणाला, "आणि अडकलं की फोन करा, नाना. यात लाजायचं काय?"

तो गेल्यावर नानांनी पहिली मेल उघडली. "आई, मागच्या वेळी माझा फोटो पाठवला, जहाजावरचा. मिळाला का?"

नानांच्या हातातला माउस तसाच राहिला. नुकताच त्यांनी 'खोड' म्हटलेला तो फोटो होता.

पुढच्या मेलमध्ये लिहिलं होतं की नोव्हेंबरच्या शेवटी जहाज मुंबईला लागणार आहे. "दोन दिवस आहे, घरी यायला सुट्टी नाही. मामाला घेऊन ये. गोदीच्या गेटवर मी येईन." त्याच्या पुढची: "नानांच्या फोनवर लावतोय. सारखा एंगेज लागतो." तो का एंगेज लागत होता, ते नानांना कोणी सांगायची गरज नव्हती, संध्याकाळ-संध्याकाळ ते स्वतःच त्याच फोनवर लाइन जोडत बसलेले असायचे. त्याच्या पुढची: "दोन्ही दिवस गेटवर उभा राहिलो. आई, तू रागावलीस का?"

वच्छलाबाई मागे येऊन उभ्या होत्या. नाना वळले नाहीत.

"आजच सगळ्या एकदम आल्या, असं सांगू का? त्या दोन हजारच्या भानगडीमुळे?"

"सांगा," वच्छलाबाई म्हणाल्या. "त्या बाईनं दोन महिने तुमचंच खरं मानलं. हेही मानेल."

नाना उठले, सदरा घातला आणि चपला न घालताच बाहेर पडले.

द्रौपदाबाई बुद्धविहारातून नुकत्याच आल्या होत्या, पांढरं लुगडं अजून बदललं नव्हतं. नानांना दारात बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. नाना बसले नाहीत.

"भाईदासचे कागद आलेत. आज नाही आले. दसर्‍यापासून येत होते. माझ्याकडे अडकून पडले होते."

"म्हनजे तो लिखत व्हता?"

"लिहीत होता. सारखा लिहीत होता."

त्यांच्या चेहर्‍यावर आधी नुसता आनंद आला. नानांना तो बघवला नाही. मग द्रौपदाबाईंनी विचारलं, "तुम्हले माहीत व्हतं?"

"काहीतरी अडकलंय, एवढं दिसत होतं. कुणाला विचारायची लाज वाटली."

द्रौपदाबाईंनी दाराला बाहेरून कडी लावली. "चला. वाचा."

नानांच्या घरी त्या नेहमीसारख्या जमिनीवर बसल्या नाहीत. नानांच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. फोटोबद्दल विचारणारी मेल आली तेव्हा नानांनी स्वतःहून सांगितलं की फोटो आपण खोडायला लावला, तो आता परत येणार नाही. गोदीची मेल आली तेव्हा नाना थांबले. ती गाळून पुढे जावं, असं क्षणभर मनात आलं.

"काबर थांबनात?"

नानांनी वाचली. भाईदास गेटवर उभा होता, ते वाचलं. पहारेकरी हसत होते, ते वाचलं. "आई रागावलीस का" हेसुद्धा वाचलं. ते शब्द आपल्या तोंडून आपल्याच घरात ऐकताना त्यांना वाटलं, हे असंच वाचत राहावं लागणार, कुठे लपायला जागा नाही.

"कोनती तारीख व्हती ती?"

नानांनी सांगितली.

"त्या दिनले माले सुट्टी व्हती," द्रौपदाबाई म्हणाल्या. "मी तं घरमाच व्हतू."

त्या नानांसमोर रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आते लिखा. बेटा, मी रागे नही. माले तुना कागद भेटनात नहीत. काबर भेटनात नहीत ते नाना लिखतीन." आणि थांबल्या.

पुढचं नानांनी स्वतः लिहिलं. एकेक अक्षर शोधत, काही न गाळता. मशीन बिघडलं असं न लिहिता, मला येत नव्हतं आणि मी कबूल केलं नाही, असं लिहिलं.

"वाची दखाडा," द्रौपदाबाई म्हणाल्या.

नानांनी तेही मोठ्याने वाचलं. आतल्या खोलीत वच्छलाबाईंच्या हातातली भांडी वाजायची थांबली होती.

"धाडा."

दुसर्‍या संध्याकाळी नाना ओट्यावर गेले. बसायच्या आधीच सगळ्यांना त्यांनी सांगितलं, भाईदास लिहीत होता, मी तुमच्यासमोर त्या बाईला खोटं बोललो. कोणी हसलं, कोणी पाठीवर थाप मारली. "अहो नाना, मशीन आहे ते, व्हायचंच!" कोणीच ते मनावर घेतलं नाही. कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. ते हसणं ऐकून नानांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि ते न बसताच परतले.

भाईदासचं उत्तर आठवड्याने आलं, नानांच्या नावाने, दोन ओळींचं. देवचंदला फोन लावून आईसाठी त्याच्या दुकानात वेगळा पत्ता उघडला आहे, यापुढे तिकडेच लिहीन. तब्येतीला जपा.

द्रौपदाबाई आता मेल घ्यायला रिक्षाने स्टँडवर जाऊ लागल्या. नानांच्या दारावरूनच जावं लागे. रस्त्यात भेटल्या तर त्या तोंड फिरवत नसत. "नाना, बरं शे ना?" म्हणून विचारायच्या. नाना "बरं आहे" म्हणायचे, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून म्हणणं पुढची कितीतरी वर्षं त्यांना जमलं नाही.