सात टिचबटणं

१९८४ च्या दसऱ्याला, सकाळी नऊच्या सुमारास, मुलुंडला आमच्या इमारतीच्या आवारात माझ्या गाडीचा कापडी टप फाटला. ते पाहणारी पंधरा-वीस माणसं होती. तो कसा फाटला, हे मात्र मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

आधी गाडीबद्दल सांगतो. ते सोपं आहे.

क्रीम रंगाची, दोन दारांची, जुनी गाडी. अंधेरीच्या एका पारशी बाईंच्या गॅरेजमध्ये ती काही वर्षं नुसतीच उभी होती. मी तेव्हा एका वर्तमानपत्रात वार्ताहर होतो, वय एकोणतीस. समोरच्या काचेवरच्या दोन कड्या सोडल्या की टप मागे घडी होऊन पडायचा आणि डोक्यावर काही उरायचंच नाही. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा मी गाडी सुरू करायचं विसरलो. हात स्टिअरिंगवर ठेवून नुसता बसून राहिलो. तळमजल्यावरचे जोशी खिडकीतून ओरडले, "काय रे, छप्पर हप्त्याने येणार आहे काय?"

मूळ टप कुजला होता. नवा शिवला परबकाकांनी. ते आमच्या मागच्या चाळीत राहायचे. मालवणकडचे, तीस वर्षं गिरणीत माग चालवलेले. गिरणी बंद पडल्यापासून घरी मशीनवर पिशव्या शिवत होते. टपाला त्यांना अकरा दिवस लागले. जाड कॅनव्हास मशीनला पेलेना, तिथे त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने टाके घातले. टपाची मागची कड गाडीच्या पत्र्याला सात टिचबटणांनी बसायची. टप बसवून झाल्यावर त्यांनी मला एकच गोष्ट दोनदा बजावली.

"आधी मागची बटणां सोड, मगे टप खाली घाल. तशीच वढलंस तर कापड फाटतला. माझो टाको तुटाचो नाय."

त्या रविवारी मी त्यांना पवई तलावाच्या कडेने आरेच्या रस्त्याला घेऊन गेलो. ते मागे बसले होते, दोन्ही हात मांडीवर, लग्नाच्या फोटोत बसतात तसे. झाडं सुरू झाली आणि त्यांनी मान मागे टाकली. वरून फांद्या सरकत होत्या, फटींतून आभाळ सरकत होतं. तीस वर्षं डोक्यावर गिरणीचा पत्रा पाहिलेला माणूस.

"झिला," ते म्हणाले, "आभाळ चलता मरे!"

मी समोरच्या आरशात त्यांचा चेहरा पाहिला. नोकरीत मी पूर पाहिले, मोर्चे पाहिले, मोठी माणसं जवळून पाहिली. त्या रस्त्यावर आरशात दिसलेल्या त्या चेहऱ्याएवढं मोठं काही पाहिलं का? — मला आठवत नाही.

तो टप बघून भांडुपचे भोईरशेठ आले. त्यांच्या बारा रिक्षा होत्या आणि सगळ्यांचे टप बदलायचे होते. दसऱ्याला गाडीच्या पूजेला येतो, टप घालता-काढताना डोळ्यांनी बघतो, मग काम देतो, असं ते परबकाकांना म्हणाले. हे काम मिळालं तर परबकाकांचा टप शिवायचा धंदा उभा राहणार होता. मला ते माहीत होतं. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

दसरा आला. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. परबकाका धुतलेला पांढरा शर्ट घालून कोपऱ्यात उभे. पूजा झाली, लिंबं चिरडली, नारळ फुटला, आणि पोरंटोरं ओरडायला लागली — आता उघड, आता उघड! भोईरशेठ फाटकाशी स्कूटरला टेकून बघत होते.

मला काय हवं होतं? टप एका हाताने मागे जावा आणि सगळ्यांनी एकदम 'आहा' म्हणावं, एवढंच. मी पुढच्या कड्या सोडल्या आणि ओढला. तो अडकला. अडकला तेव्हाच मला आठवलं — बटणं. थांबून मागे जायचं आणि सगळ्यांसमोर सात वेळा वाकायचं. एवढंच करायचं होतं. मी जोर लावला.

हातभर फाटला. शिलाईच्या शेजारून, बोटभर अंतर सोडून. लांबून शिलाईच उसवल्यासारखी दिसत होती.

"काय झालं हो?" भोईरशेठनी विचारलं.

"शिलाई उसवली," मी म्हणालो.

दोन शब्द. मी ते शांतपणे म्हणालो, बातमी सांगतात तसे.

"काय परबा, दसऱ्यालाच सोनं लुटलं काय रे!" भोईरशेठ हसले. बाकीचेही हसले. जोशी म्हणाले, "शेठ, जवळ येऊन बघा तरी." त्यावर ते म्हणाले, "आता काय बघायचं? पेपरवाले बोलले ना! ते कशाला खोटं बोलतील?" त्यांनी स्कूटरला किक मारली.

परबकाका गाडीजवळ आले. मागची सातही बटणं लागलेली होती. ती त्यांना दिसली. त्यांनी शिलाईवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग जाणाऱ्या भोईरशेठना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्याच हातसून काय तरी ऱ्हवला असतला." आणि वाकून त्यांनी एकेक करून सातही बटणं सोडली. दुसरं कोणी बघायच्या आत.

मी ती मोजली.

त्याच दुपारी त्यांनी टपाला ठिगळ लावून दिलं. रिक्षांचं काम कुर्ल्याच्या एका माणसाला गेलं. परबकाका भांडुपला एका गोदामात बारदानं शिवायला लागले. पुढची तीन वर्षं ते मला आठवड्यातून दोनदा तरी भेटायचे. "गाडी कशी आसा?" विचारायचे. आमच्या वर्तमानपत्रात कोणाचं नाव चुकलं तरी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापत. ती लिहायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे असायचं. भोईरशेठचं घर आमच्यापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. परबकाकांना पुन्हा गाडीत बसवलंही नाही — मागच्या सीटवर ते असले की आरशात काय दिसेल?

१९८७ मध्ये ते गावी गेले. दोन वर्षांनी त्यांच्या मुलाचं पत्र आलं, ते वारल्याचं. त्याच वर्षी मी गाडी विकली. घेणाऱ्याला कापडी टप नको होता. त्याने पत्र्याचा बसवून घेतला. जुना टप माझ्या माळ्यावर राहिला.

गेल्या महिन्यात तो खाली काढला आणि उजेडात पसरून तपासला. कॅनव्हास पिवळा पडला आहे. सातांपैकी दोन बटणं गंजली आहेत. ठिगळ कापडावर आहे. शिलाईचा एकही टाका तुटलेला नाही.