रशीदभाईंच्या आईचं कापड

रशीदभाई बाइंडर हातात आलेलं पुस्तक कधी लगेच उघडत नसत. दोन्ही पुठ्ठ्यांना धरून ते उलटं करायचे आणि चादर झटकावी तसं झटकायचे. मग त्यातून काय वाट्टेल ते पडायचं: एस.टी.ची तिकिटं, सुकलेली शेवंती, केसांची पिन, एकदा तर देवपुरातल्या एका मुलीने देवपुरातल्याच एका मुलाला लिहिलेली चिठ्ठी. ती त्यांनी वरखालची नावं बघून, मधलं न वाचता, परत आत ठेवली आणि पुस्तक बांधून दिलं. म्हणायचे, "ज्या पुस्तकमाधून काही पडत नही, ते कोनी वाचेलच नही." कॉलेजात नोकरीला लागल्यावर मी माझा एम.ए.चा प्रबंध मोठ्या ऐटीत त्यांच्याकडे बांधायला दिला. त्यांनी झटकला. काही पडलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खळ ढवळायला घेतली.

तेव्हाची मी म्हणजे एक पाहण्यासारखं प्रकरण होतं. वय सव्वीस. पुण्याहून शिकून आलेली, म्हणून धुळ्यावर उपकार करायला आलेली. डोळ्यांना नंबर नव्हता तरी जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, खांद्याला झोळी, आणि झोळीत एकच शब्द: जादुई वास्तववाद. तो मी वर्गात, स्टाफरूममध्ये, रिक्षात, कुठेही काढायचे. "स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या कादंबऱ्यांत देशाचा इतिहास चमत्काराच्या वेशात येतो, कारण सरकारी दप्तरात आपल्या माणसांना जागाच नव्हती." हे वाक्य मी पुण्याहून जसंच्या तसं आणलं होतं, काचेचं सामान आणावं तसं जपून. त्याचा अर्थ कळायला मला चाळीस वर्षं लागली. मुलं बिचारी उतरवून घ्यायची.

रशीदभाई उन्हाळ्यात लायब्ररीच्या व्हरांड्यात बसून जुनी पुस्तकं शिवायचे. माझा वर्ग शेजारीच, खिडकी उघडी. एके दिवशी तास संपवून मी बाहेर आले तर सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "बाई, तुम्हना पुस्तकमा मरेल मानूस जेवाले येस, ते साहित्य शे. आन मनी माय तीन दिन मागवरथीन उठनी नही, हाई मी सांगं ते काय म्हनशात?"

मी विचारलं, "कसला माग?"

मग त्यांनी गोष्ट सांगितली. बेचाळीसच्या धामधुमीत ते सात वर्षांचे होते. वडील वारलेले, आई एकटी हातमागावर बसायची. एका दुपारी पत्रकं वाटणारा एक विद्यार्थी पळत घरात शिरला. आईने त्याला मागाखालच्या खड्ड्यात, जिथे विणणाऱ्याचे पाय असतात तिथे, मुडपून बसवलं आणि विणायला लागली. शिपाई आले. म्हणाले, हे कापड संपलं की ऊठ, खड्डा बघायचाय. ती विणतच राहिली. सूत संपेना, कापड संपेना. कापड उंबऱ्याबाहेर गेलं, गल्लीतून गेलं, पांझरा नदीच्या काठाला लागलं. शिपाई घड्या घालून घालून थकले. तीन दिवस, तीन रात्री. शेवटी कंटाळून निघून गेले. पोरगा वाचला.

आणि मी, जिच्या वर्गात मेलेली माणसं रोज जेवून जात होती, ती मी काय म्हणाले? "रशीदभाई, कापड संपतच नाही असं होत नाही हो. हे खोटं आहे."

ते हसले. "बरं," म्हणाले.

त्याच वर्षी जिल्ह्याच्या स्वातंत्र्यलढ्याचा गौरवग्रंथ निघत होता. मी संपादकांची साहाय्यक, म्हणजे कात्री माझ्या हातात. रशीदभाई धुतलेला सदरा घालून समितीपुढे आले. त्यांना एवढंच हवं होतं की ग्रंथात त्यांच्या आईचं नाव यावं. पेन्शन नको, ताम्रपट नको, नाव. समितीचे अध्यक्ष, त्यांना सगळे नाना म्हणत, त्यांनी गोष्ट ऐकली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"भाऊ, हे तीन दिवसांचं कापड वगैरे काढून टाका. मग बघू. पोलीस दप्तरात काही नोंद आहे का?"

"कापड काढं ते खाले काय निंघी, ते तुम्हले दखाडनं नही माले," रशीदभाई म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. मला वाटलं, अडलं की माणूस असं कोड्यात बोलतो. मी नानांच्या कानात म्हणाले, "लोककथा आहे, नाना. पुरावा नाही." पुरावा! आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. पोलिसांनीच लिहिलेल्या वहीत आम्ही पोलिसांच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईचं नाव शोधत होतो. सकाळी वर्गात दप्तराला शिव्या आणि दुपारी समितीत दप्तराला नमस्कार. बरं, नाव तरी लिहून घ्यावं? त्यांनी सांगितलं तेव्हा मी पेनात शाई भरत होते.

ग्रंथ छापून झाला आणि बांधायला गेला तो रशीदभाईंकडेच, कारण धुळ्यात तसा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. प्रकाशनाच्या दोन दिवस आधी ते घडी घातलेला सोळा पानांचा एक फर्मा घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, एक पान कमी शे."

मी मोजली. "सोळाच्या सोळा आहेत की. नंबर बघा."

"नंबर बठ्ठा बराबर शेतस. पान कमी शे."

मी वाचलं. माझंच वाक्य होतं: "भूमिगत असताना भाऊसाहेबांनी एका विणकराच्या घरी तीन दिवस आश्रय घेतला." खड्ड्यात लपलेला तो विद्यार्थी म्हणजे तोवर मोठे पुढारी झालेले भाऊसाहेब. त्यांच्या आश्रयाला एक वाक्य मिळालं होतं. आश्रय देणारीला, 'विणकर' या शब्दात, मिशा फुटल्या होत्या.

"आता छापून झालंय, रशीदभाई," मी म्हणाले. असं वाक्य उच्चारताना माणसाला फार मोठं झाल्यासारखं वाटतं.

ते म्हणाले, "व्हय. छापं का मंग ते खरं व्हई जास." फर्मा पुन्हा घडीवर दाबला आणि गेले. दुसरा कोणी असता तर त्याने काम टाकून दिलं असतं, निदान उलटी पानं लावली असती. त्यांनी सगळ्या प्रती अशा बांधल्या की माझ्याकडच्या प्रतीचं आजही एक पान सुटलेलं नाही. माझ्या खोट्याला त्यांनी पक्का दोरा घातला.

प्रकाशनाला भाऊसाहेब आले. भाषणात म्हणाले, "त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही." नाव मात्र विसरले होते. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत बसून मीही वाजवल्या, चांगल्या जोरात.

माझा निर्लज्जपणा इथे संपला असता तर मी हे लिहायला बसलेच नसते. सहा महिन्यांनी जळगावच्या एका चर्चासत्रात मी निबंध वाचला: जादुई वास्तववाद आणि राष्ट्राचा इतिहास. त्यात "खान्देशातील एक मौखिक उदाहरण" म्हणून तेच न संपणारं कापड! इतिहासातून कात्रीने कापलं आणि साहित्यात मिरवलं. तळटीप: "निवेदक, एक पुस्तकबांधणी कामगार." आईचं नाव आधीच गेलं होतं, आता लेकाचंही गेलं. निबंध गाजला. बढतीच्या अर्जाला जोडला. रशीदभाई पुढेही व्हरांड्यात येत राहिले, पुस्तकं झटकत राहिले, पण गोष्ट त्यांनी मला पुन्हा कधी सांगितली नाही. मीही विचारलं नाही. मला निबंधापुरती मिळाली होती.

निवृत्त होऊन जळगावला लेकाकडे आले. एकदा नातीने, वय वर्षं सोळा, कपाटातून तो निबंध काढून वाचला. तीन पानं वाचून तिने मान वर केली.

"आजी, पण ती बाई तीन दिवस खरंच कुठे होती?"

"मागावर."

"अगं, तीन दिवस कोणी बसतं का? ती कुठेतरी गेली असणार. म्हणून सगळे म्हणतात ना, की ती कुठेच गेली नव्हती."

आणि एम.ए. मी केलं होतं म्हणे.

रशीदभाई तोवर एरंडोलला मुलीकडे राहायला गेले होते. तिसऱ्या दिवशी बस धरली. ते ओट्यावर बसले होते, डोळे गेलेले. आवाजावरून ओळखलं. "या अक्का," म्हणाले. बाईची अक्का झाले होते मी. मी काही प्रस्तावना जुळवून नेली होती, ती विसरले. म्हटलं, "रशीदभाई, तुमच्या आईचं नाव काय हो?"

"इतला वरिसमा पहिलांदा इचारं," म्हणाले. "जुलेखाबी."

मग त्यांनी सांगितलं. शिपाई आले तेव्हा पोरगा खड्ड्यात होता हे खरं. घर उचकटून झालं, एवढ्यात हवालदार मागाकडे वळला. तेव्हा जुलेखाबी आपणहून उठली. खड्ड्यावर कापड ओढलं आणि दाराकडे चालायला लागली. म्हणाली, काय विचारायचं ते चौकीवर विचारा. शिपाई तिच्यामागून गेले. त्यांची पाठ वळताच शेजारची हाजराबी मागावर येऊन बसली, कारण माग बंद पडला असता तर कोणीतरी खड्ड्यात डोकावलं असतं. तिच्यानंतर सकीना. मग सुंदराबाई गवळण, तिला विणता येत नव्हतं, तरी तिने धोटा मारला. तीन दिवस गल्लीतल्या बायांनी पाळीपाळीने माग चालू ठेवला. कापड खरंच वाढत गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सुताच्या गाठोड्यात घालून पोरग्याला बैलगाडीतून बाहेर काढलं. संध्याकाळी आई परत आली.

"सुंदराबाईनं कापड वाकडं व्हतं," रशीदभाई हसले. "त्याना कुडता शिवात आम्हले पोरसले. एक बाही लांब, एक आखूड."

"आणि आई? चौकीवर..."

हसू थांबलं. "ती ऊनी, मागवर बसनी. बोलनी नही. मंग हाजराबीनी बठ्ठीसले कसम घाली: जुलेखा मागवरथीन उठनीच नही. बजारमा हाईच सांगानं, मशिदमा हाईच, पोरसले बी हाईच. मी दखेल व्हतं अक्का. मी बी तेच सांगं. जलमभर."

म्हणजे कापड आधी विणलं गेलं आणि गोष्ट नंतर, पण दोन्ही त्याच बायांनी. ज्याला मी निबंधात 'कल्पनेची मुक्त भरारी' म्हटलं होतं तो एका बाईच्या अंगावर गल्लीने ओढलेला पदर होता. आणि मी चष्मा लावून म्हणाले होते, पदर काढा, पुरावा दाखवा.

मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला. "माफीनं काय करू? नाव लिखा. कापड लिखा. 'माय उठनी व्हती' इतलं बी लिखा, आते कसम घालनारी कोनी राह्यनी नही. पन चौकीमा काय व्हयनं ते नही लिखनं."

त्या हिवाळ्यात रशीदभाई गेले.

आणि आता गेल्या महिन्यात धुळ्याहून एका तरुण प्राध्यापकाचा फोन. गौरवग्रंथाची नवी आवृत्ती निघते आहे, जोडून चर्चासत्र आहे, मॅडमनी उद्घाटन करावं.

"मॅडम, तुमच्या निबंधातलं ते कापड आम्ही या वेळी ग्रंथातच घेतलंय! पूर्ण पान रंगीत चित्र. खाली ओळ टाकली आहे: न संपणारं कापड विणणारी अज्ञात स्त्री."

"अज्ञात कोणाला?"

"नाही म्हणजे, नाव कुठेच मिळत नाही ना."

"जुलेखाबी. लिहून घे. पेनात शाई आहे ना?"

"हो, पण मॅडम..." तो अडखळला. मुलगा नम्र होता, तेच तर वाईट. "समिती विचारेल. काही कागद आहे का? पुरावा?"

डॉक्टरांनी मला संतापायला मनाई केली आहे. मी संतापले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कापड नको होतं म्हणून बाई काढली. आता कापड हवं आहे, तरी बाई काढलेलीच. तेव्हा चमत्काराची लाज वाटत होती, आता चमत्काराची फॅशन आहे. मधल्या मध्ये जुलेखाबी दोन्ही वेळा बाहेर! मी त्याला म्हटलं, "बाळा, कागद हवा ना? पाठवते. तो छापलास तर उद्घाटनाला येईन. नाहीतर त्या चित्रापुढे दुसऱ्या कोणाकडून दिवा लावून घे."

"कसला कागद?"

"गुन्ह्याचा. गुन्हेगार जिवंत आहे, सही करते."

"मॅडम, तुमचं नाव खराब होईल."

"माझं आहे तरी. खराब व्हायला आधी असावं लागतं."

त्याच दुपारी मी साध्या कागदावर लिहिलं, नातीला साक्षीदार म्हणून सही करायला लावली आणि रजिस्टर पोस्टाने धुळ्याला पाठवलं. उत्तर अजून नाही. तोवर मजकूर इथे देते, म्हणजे कुठेतरी छापलेला राहील:

"पहिल्या आवृत्तीच्या वेळी रशीदभाई बाइंडर यांनी समितीपुढे आपल्या आईचं नाव सांगितलं होतं. ते मी लिहून घेतलं नाही. ते नाव जुलेखाबी. ग्रंथात ज्याला आश्रय म्हटलं आहे तो तिने दिला. ते कापड तिने सुरू केलं आणि हाजराबी, सकीना, सुंदराबाई व गल्लीतल्या इतर बायांनी पुढे विणलं. जुलेखाबी मागावरून उठली होती. ती कुठे गेली ते मला माहीत आहे. समितीने विचारू नये."