शोभाच्या प्रश्नाचं उत्तर

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथे मी पोरांच्या परीक्षा आणि माझी गुडघेदुखी एवढ्यावरच भागवते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यापुढे तोंड उघडायचा धीर होतो आहे. पण सुरुवात कुठून करू?

माझ्या कानडीपासून करते. आमचं माहेर खानापूरकडच्या खेड्यातलं. तिथे मराठी शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांची कानडी बाजारात भाव विचारण्यापुरतीच. मी मात्र बेळगावात सरकारी कचेरीत लागले, कानडीची परीक्षा पास झाले, अनगोळात घर केलं. तेव्हापासून गावातल्या कुणाचंही दवाखान्यात, कचेरीत काम निघालं की मला पुढे करायचे. ‘आक्काला घ्या संगं, आक्का बोलंल.’ साहेब चार वाक्यं बोलायचा, मी त्याचं एक करून सांगायचे आणि माणसं मान डोलवायची. उरलेली तीन कुठे गेली, असं कुणी कधी विचारलं नाही. मला तो मान आवडायचा. खोटं कशाला बोलू?

शोभा माझी धाकटी बहीण. निपाणीजवळच्या गावात दिली होती. लग्नाला आठ महिने झाले असतील-नसतील, गवताच्या गंजीवरून पडली आणि मणका गेला. कमरेखाली पाय हलेनात. उपचारांसाठी माझ्याकडे आली ती राहिलीच. तिचा नवरा, मारुती, दर रविवारी निपाणीहून एसटीने यायचा. येताना तिच्यासाठी काहीतरी आणायचा, तिच्या खाटेवरच बसायचा, तिची वेणी घालायचा. हो, वेणी. पुरुषमाणसाने. वाकडी-तिकडी यायची आणि दोघं हसत सुटायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे, आणि भांडी जरा जास्तच आपटायचे.

का आपटायचे? ते सांगते. थांबा जरा.

वर्ष झालं असेल. एका मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेलं. डॉक्टरीणबाई दावणगेरेकडच्या, मराठी अजिबात न येणाऱ्या. तपासून झालं तशी शोभाने माझा पदर ओढला. मान खाली. “आक्का, तेवढं एक विच्यार की गं बाईस्नी. मी आनि हे... नवरा-बायको म्हणून ऱ्हाऊ शकतो का न्हाय? आनि पोरबाळ?”

मी विचारलं. माझे कान तापले, तरी नीट विचारलं. कानडीत विचारताना लाज कमी वाटते, परक्याचे कपडे अंगावर घातल्यासारखं.

बाई हसल्या. “याके आगल्ल?” म्हणाल्या — का नाही होणार? आणि मग सविस्तर बोलल्या. सगळं होऊ शकतं. थोडी काळजी घ्यावी लागेल, काही गोष्टी वेगळ्या रीतीने कराव्या लागतील. पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन या, दोघांना बसवून समजावते. मूलही होऊ शकतं, फक्त सुरुवातीपासून तपासणीत राहायला हवं. एकेक शब्द मला समजला. परीक्षा पास झालेली बाई मी!

शोभा बाईंकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, “न्हाय म्हणतात. त्यो विचारबी करू नगो म्हणतात.”

“मग हसल्या कशाला गं?”

“तुझी समजूत काढाय.”

इतकंच. दोन वाक्यं. बाहेर रिक्षा बघायला मी स्वतः धावले.

आता कारण. कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की लाज वाटली, धाकट्या बहिणीसमोर असले शब्द मराठीत तोंडातून निघेनात. साफ खोटं. ‘होय’ म्हणायला कसली लाज? मग म्हणायचे, मूल झालं असतं तर उचललं कुणी असतं, धुतलं कुणी असतं — शेवटी माझ्याच गळ्यात आलं असतं. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की मला तिचा हेवा वाटला. माझे दोन पाय धड, घर धड, नवरा सज्जन, आणि आम्ही दोघं कित्येक वर्षं एकमेकांकडे पाठ करून झोपत होतो. आणि ही, खाटेला खिळलेली, हिला अजून ते हवं होतं? आणि त्यालाही ही हवी होती? मनात आलं, या अवस्थेत हे शोभतं का? जणू पाय गेले की बाईपणही परत करायचं असतं! हे मी, तिची सख्खी बहीण, तेव्हा मानत होते.

पुढच्या रविवारी शोभानेच मारुतीला सांगितलं, येऊ नका, दुसरं बघा. तो रडला. मला म्हणाला, “आक्का, तुमी पुन्यांदा विचारून बघा की. मला कायबी चालतंय, पर ही पायजे.” मी म्हटलं, विचारलं आहे. त्यानंतरही तो तीन रविवार आला. शोभा भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शेवटी काडीमोडाच्या कागदांवर सह्या झाल्या. त्याचं दुसरं लग्न झालं, दोन मुलं आहेत. शोभा माझ्याकडेच आहे. शहापूरच्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावते, हात फार सफाईदार आहे तिचा.

गेल्या महिन्यात बेळगावच्याच कॅम्प भागात अपंग बायकांचा मेळावा होता, तिथे गेली होती. वडगावची एक बाई भेटली, तीही चाकाच्या खुर्चीतली, तसाच मणका मोडलेली. नवरा सोबत, मांडीवर सहा वर्षांचा मुलगा. शोभा घरी आली, जेवली. मग मी मेथी निवडत होते तिथे आपली चाकाची खुर्ची आणली.

“आक्का, त्या डॉक्टरीणबाई तवा नेमकं काय म्हणलत्या गं?”

बारा वर्षांनी तोच प्रश्न, तीच माझ्या तोंडाकडे बघणारी नजर. सांगता आलं असतं. माझ्या हातात मेथीची काडी होती, त्या काडीकडेच बघत मी म्हटलं, “न्हाय म्हणलत्या.”

तिने खुर्ची अजून जवळ घेतली. मग म्हणाली, “व्हय. माझंच लई मोडलं असंल मग, त्या बाईपरास.” आणि अर्धी जुडी स्वतःच्या मांडीवर घेऊन निवडायला लागली.

ती आत्ता आतल्या खोलीत साडी घेऊन बसली आहे. मध्ये एक दारच आहे, तेही उघडं. आणि मी हे तुम्हाला सांगते आहे.