आप्पांसाठी एक मालिका

गेल्या डिसेंबरातला रविवार, शहापूर. अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघणाऱ्यांची बैठक. हजर तिघी: मी, जिच्या माडीवर जमलो ती मैत्रीण आणि निपाणीहून आलेली एक नर्स. मी बघण्याजोग्या अ‍ॅनिमेंची माझी यादी वाचली, प्रकारवार. नर्स म्हणाली, “आक्का, आप्पांसंगं बघायचंय. आई गेल्यापास्नं ते बोलतच न्हाईत. खालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत न्हाईत.” माझ्या चाळीस नावांत एकही बसेना. मैत्रीण म्हणाली, “तू संथ म्हणून खोडलेली ती शेतकऱ्याची मालिका दे की गं. त्यात बोलतंय कोण?” आठवड्यानं नर्सचा फोन आला. पहिल्याच भागात आप्पा म्हणाले होते, “इतकी दाट रोपं लावतंय व्हय कुणी?” आता यादीत ‘कमी बोलणं’ हा नवा रकाना आहे. आप्पांनी दुसरी मालिका मागितलीय आणि रकान्यात अजूनही तेवढं एकच नाव आहे.