मामांनी सांगितलेला खुनी

मी थेटरात आजवर एकाही रहस्यपटाचा शेवट पाहिलेला नाही. तरीही आमच्या लोणारात सिनेमावरून वाद झाला की निकालासाठी लोक परवापरवापर्यंत माझ्याच दुकानात यायचे.

याला कारण एसटी. सिनेमा पाहायचा तर मोठ्या पडद्यावर, हा माझा बाणा. माझा मोठा पडदा जालन्याला, आणि लोणारला परतणारी शेवटची गाडी सुटते ती नेमकी नायकाला खुनी कोण हे कळायच्या बेताला! पडद्यावर नायक जिना चढत असतो, संगीत वाढत असतं, आणि मी "सरका हो, जरा सरका" म्हणत लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडत असतो. मग काय करणार? मंठा येईपर्यंत शेवट माझा मीच ठरवतो. (पद्धत सोपी आहे. सिनेमात जो सगळ्यांत सज्जन, तो खुनी.) माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. पंखा दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येकाला तो शेवट मी असा रंगवून सांगायचो की गिऱ्हाईक पंखा न्यायचं विसरायचं. एखादा पोरगा म्हणायचाच, "काका, मी मोबाइलवर पाह्यला, त्यात त खुनी दुसराच होता!" मी नुसता हसायचो. "बाबू, मोबाइलवर सिनेमा पाहनं म्हंजे सरोवर बादलीत पाहनं!" एवढ्यावर वाद मिटायचा.

माझी कीर्ती अशी जोरात असताना माझ्या भाचीची, प्रणालीची सोयरीक जुळत आली. माझी धाकटी बहीण कुसुम दिली आहे बीबी गावात. प्रणाली तिची एकुलती एक. आलेल्या मुलांना पोरीने धडाधड नकार दिलेले. एक फार बोलतो, एक काहीच बोलत नाही, एकाच्या गळ्यातली चेन फार जाड! कुसुमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि मग वडनेर भोलजीच्या अक्षयला भेटून आल्यावर पोरगी आपणहून म्हणाली, "मामा, हा मले पसंत हाये." सांगताना ती चक्क लाजली. हे पाहून मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला होल्डर फुकट दिला.

बीबीच्या घराला रंग चालू होता, म्हणून पक्की बैठक माझ्या घरी ठरली. अडचण एकच. अक्षयच्या घरात शब्द चालतो तो त्याच्या आजोबांचा. आबाजींनी "लावा कुंकू" म्हटलं की पोरीला कुंकू लागणार आणि सोयरीक पक्की होणार. नाही म्हटलं तर दोन्हीकडचं सगळं गणगोत पोहे खाऊन आपापल्या घरी.

म्हणून कुसुमने सकाळीच मला स्वयंपाकघरात गाठलं.

"दादा, पाया पडते तुह्या. सोयाबीनच्या भावावर बोलू नको. इलेक्शनवर बोलू नको. मांगच्या वक्ती तू बोलला अन् ते मेहकरचे पाव्हने चहा न घेता गेले."

"मंग काय बोलू?"

"काईच बोलू नको!"

"अवं, मुलीचा मामा मुका हाय असं वाटीन ना त्याइले!"

कुसुमने कपाळाला हात लावला. "मंग तुह्या त्या सिनेमावर बोल. त्यानं त कोनाचं काई बिघडत नाई!"

हे वाक्य तिचं आहे. साक्षीला माझी बायको होती. पुढे जे झालं त्यात माझा दोष किती, हे वाचकांनी हे लक्षात ठेवूनच ठरवावं.

वडनेरची क्रूझर आली. अक्षय, त्याचे वडील वासुदेवराव, आबाजी आणि बाकीची मंडळी दिवाणखान्यात बसली. पोहे आले, पोह्यांवर तर्री आली, आणि तर्रीवर शांतता आली. आमचे जावई म्हणजे प्रणालीचे वडील फार मोजकं बोलतात. त्यांनी "ऊन हाय" असं म्हणून दिवसभराचा कोटा संपवला. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"सिनेमा पाहता का नाई तुमी?" मी सुरुवात केली.

वासुदेवरावांनी चमचा खाली ठेवला. "पाहता का म्हंजे? वाघजाळेचा एक सिनेमा सोडला नाई आमी!"

किरण वाघजाळे म्हणजे तो दिग्दर्शक, ज्याने आधी एकामागून एक रहस्यपट काढून लोकांची झोप उडवली, मग 'आईचं कपाट' हा कौटुंबिक सिनेमा काढून त्यांना झोपवलं, आणि आता 'बंद गिरणी' काढून पुन्हा खुनाकडे वळला. आमच्या दुकानातल्या वादांचं निम्मं सरपण हाच माणूस पुरवतो.

"वाघजाळे संपला," मी म्हणालो.

आत कुसुम खोकली.

"कोन संपला?" वासुदेवरावांनी विचारलं.

"वाघजाळे! 'आईचं कपाट' पाह्यला ना? कपाट उघडाले मध्यंतर होते!"

"अहो मामा, त्या कपाटात त्याच्या मायची याद हाय! मी दोन वक्ती पाह्यला. दोन्ही वक्ती रडलो."

"रडलो त मीही. थेटरातला पंखा बंद होता."

"तुमाले भावना समजत नाई, मामा."

"रडाले दिग्दर्शक काऊन लागते? कांदा पुरते!"

कुसुम आता इतकी खोकली की माझ्या बायकोने आतून पाण्याचा तांब्या जोरात आपटला. पण वाद रंगात आला की मला तांब्याबिंब्या ऐकू येत नाही. तेवढ्यात बिचारा अक्षय मध्ये पडला. "जाऊ द्या ना, मामा. 'बंद गिरणी'त त वाघजाळे वापस आला..." एवढं बोलून त्याने जीभ चावली, आबाजींकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, पोहे पुसतोय. वासुदेवराव घाईघाईने म्हणाले, "हाव हाव, राहू द्या तो विषय. तुमच्याइकडं पानी कसं हाय यंदा?" वाद हरत आलेला माणूस पाण्यावर येतो, हा माझा दुकानातला अनुभव. मी आणखी चेवात आलो!

"'बंद गिरणी'चं काय सांगता? त्यात पोरीचा तो मामा पाहा. सिनेमाभर नुसता चहा घेऊन फिरते. काय काम त्याचं? फुकट घातला! अन् खुनी त मी अर्ध्या तासातच वळखला. तो सज्जन पोस्टमास्तर!"

वडनेरची सगळी मंडळी पुतळ्यासारखी बसली होती. आतापर्यंत खाली मान घालून पोहे खाणाऱ्या आबाजींनी बशी हळूच जमिनीवर ठेवली.

"वासुदेवा," ते म्हणाले, "टोपी दे माही."

झालं होतं असं, की आबाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी पडदा रोज थोडाच वेळ पाहायला सांगितलेला. म्हणून ते 'बंद गिरणी' तुकड्या-तुकड्याने पाहत होते. बाकी सगळ्या घराने शेवट पाहिलेला, आणि सगळ्या घराला आबाजींची सक्त ताकीद, की तोंडातून ब्र काढायचा नाही. शेजारच्या एकाने अंगणात येऊन नुसतं 'गिरणी' म्हटलं, तर त्याला चहाशिवाय परत पाठवलेलं. (तो खरोखरच दळणाला चालला होता!) आता फक्त शेवटचा तुकडा राहिला होता.

"बाबा, कुंकू लावाचं हाय ना..." वासुदेवराव चाचरले.

"ज्या घरात पाव्हन्याच्या तोंडचा घास काढून घेतेत, त्या घरची पोर मले आनाची नाई."

मी वासुदेवरावांकडे आशेने पाहिलं. त्या माणसाची अवस्था माझ्याहून वाईट होती. मी चुकीचं सांगितलं हे त्यांना ठाऊक होतं. पण ते चुकीचं आहे असं सांगणं म्हणजे पोस्टमास्तर खुनी नाही हे फोडणं! "बाबा, तो पोस्टमास्तर... म्हंजे मामा जे म्हंते ते... मी काईच बोलत नाई!" असं म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल दाबला.

दारात कुसुम उभी होती. कुंकवाचा करंडा हातात धरून नुसती माझ्याकडे पाहत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोरीला मी खांद्यावर बसवून सरोवराच्या काठाने फिरवलं, तिचं लग्न मी एका पोस्टमास्तरापायी मोडलं होतं! मग मात्र मी इभ्रतीवर पाणी सोडलं आणि आबाजींसमोर हात जोडले.

"आबाजी, मी शेवट पाह्यलाच नाई! शेवटची एसटी असते, म्हून मी मधूनच उठून येतो. तो खुनी माह्या मनाचा हाय!"

आबाजींनी टोपी डोक्यावर बसवली. "सोयरीक वाचवाले खोटं बोलून राह्यले तुमी. एवढा छाती ठोकून बोलनारा मानूस सिनेमा पाह्यल्याबिगर बोलीन काय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी सिनेमाबद्दल खरं बोललो आणि पहिल्यांदाच माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही!

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन प्रणाली बाहेर आली. पदर सावरलेला, आवाज मात्र खणखणीत.

"आबाजी, मी लहानपनापासून मामाचे शेवट ऐकून राह्यली. एकही खरा निघाला नाई. आज शेवट पाहूनच जा. मामा खरा निघाला त खुशाल जा. खोटा निघाला त चहा घेऊन जा."

आबाजी तिच्याकडे वळले. "एकही नाई?"

"एकही नाई. आमच्या बीबीत सार्‍याइले मालूम हाये."

(म्हणजे बीबीत माहीत होतं! फक्त मलाच माहीत नव्हतं की त्यांना माहीत आहे.)

आबाजी बसले. अक्षयचा मोबाइल माझ्या टीव्हीला जोडायचं ठरलं. इलेक्ट्रिकवाला या नात्याने मी पुढे झालो आणि पहिल्या झटक्यात घराचा फ्यूज उडवला. फ्यूज बसवला, तर वायर ढिली. ती दाबून धरली तरच चित्र दिसे. शेवटी अक्षयने टीव्हीची बाजू धरली आणि प्रणालीने वायर. टीव्हीच्या दोन बाजूंना दोघं उभे, मध्ये खून. त्या दोघांना पडद्यावरचं काही दिसत नव्हतं आणि त्यांना त्याची खंतही नव्हती.

सिनेमाचा शेवटचा तुकडा सुरू झाला. पोस्टमास्तर गिरणीमागून येताना दिसला. पोस्टमास्तरच्या पिशवीत सुरा सापडला. पोस्टमास्तर घाम पुसायला लागला, तसा मीही! आबाजी दर पुराव्याला माझ्याकडे वळून "हं" म्हणायचे. इतक्या सिनेमांचे शेवट मी ठोकून दिले, तेव्हा एकदाही बरोबर आलो नाही, आणि आजच येणार की काय? मी मनातल्या मनात कमळजा मातेला साकडं घातलं, की माते, पोरीसाठी आजच्या दिवस मला मूर्ख ठरव.

माता पावली. पोलिसांनी पोस्टमास्तरला बेड्या घातल्या, सगळे निघाले, आणि तोच इतका वेळ चहा वाटत फिरणाऱ्या मामाने किटली खाली ठेवली आणि गालातल्या गालात हसला.

"मामा!" आबाजी मांडीवर थाप मारून ओरडले. "अबे, मामा हाय खुनी! पोरीचा मामा!"

दिवाणखान्यातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. माझ्या हातात पाहुण्यांसाठी भरून आणलेली चहाची किटली होती. ती मी पटकन जावयांच्या हातात दिली.

वासुदेवरावांनी तोंडावरचा रुमाल काढून एवढा मोठा श्वास घेतला, की दाराचा पडदा हलला. आबाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले ते, नव्या डोळ्यांतून. "मले त्या चहावाल्यावर पह्यल्यापासून वहीम होता. पन तुमी एवढ्या खात्रीनं सांगतलं, म्हून मी त्याच्याकडं पाह्यलंच नाई. काय मजा आली, मामा! अन् पोरगी खरी बोलते तुमची. लावा कुंकू!"

प्रणालीला कुंकू लागलं, आणि कुसुमने माझ्याजवळून जाताना दंडाला असा चिमटा काढला की लग्नात शेरवानी घालताना मला तो आठवला. दुकानात आता माझा शब्द पूर्वीसारखा चालत नाही. पंखे मात्र लोक वेळेवर घेऊन जातात.

वडनेरला मात्र माझ्या मताला मान आहे. नवा रहस्यपट आला की आबाजींचा फोन ठरलेला. "मामा, पाह्यला काय? खुनी कोन?"

मी क्षणाचाही विलंब न लावता नाव सांगतो.

"पक्कं ना?"

"पक्कं, आबाजी!"

मग आबाजी फोन ठेवतात आणि, प्रणाली सांगते, साऱ्या घराला गोळा करून म्हणतात, "चाला, एक मानूस निर्दोष सुटला. आता बाकीच्याइवर ध्यान द्या!"