ट्रॅक्टरचा आवाज आणि नवऱ्याचे कान

आमचा ट्रॅक्टर नाशिककडून घाट उतरून आमच्या दारात आला, तेव्हाच त्याची अर्धी उमर सरली होती. आधीच्या मालकानं सडलेला सायलेन्सर काढून टाकला होता आणि त्या जागी बॉनेटवर हातभर सरळ पाइप जोडला होता. अशानं इंजिन मोकळं चालतं, असं त्यानं माझ्या नवऱ्याच्या गळी उतरवलं, आणि नवऱ्यानंही ते भक्तिभावानं मान्य केलं. इंजिन मोकळं चाललं की नाही देव जाणे, आवाज मात्र चांगलाच मोकळा झाला. जामसरकडच्या आमच्या पाड्यावर ट्रॅक्टर सुरू झाला की समोरच्या टेकडीवरची कुत्री भुंकायला लागत.

आज खरं सांगायचं तर त्या आवाजाची मला आठवण येते. भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत आमच्या अख्ख्या पाड्याचं घड्याळ तोच होता. नाल्याकाठच्या खालच्या खाचरापासून चिखलणी सुरू व्हायची आणि घरोघरचं एकेक खाचर करत ट्रॅक्टर वर चढायचा. कुणी कुणाला निरोप द्यायचा नाही, तशी पद्धतच नव्हती. दरीत मोबाइलला रेंज नाही आणि भर पावसात चढ चढून सांगायला जाणार कोण? बायका घरात बसूनच आवाजावरून ओळखायच्या. लोखंडी चाकं खोल चिखलात गेली की आवाज जड व्हायचा, बांधावर चढताना चिरका व्हायचा. त्यावरून आपल्या आधी दोन खाचरं राहिली की एक, ते कळायचं. दोन राहिली की उठायचं, प्लास्टिक डोक्यावर घ्यायचं आणि राब खणायला, म्हणजे रोपं उपटून मुठी बांधायला लागायचं. ट्रॅक्टर आपल्या खाचरातून बाहेर पडला की मुठी घेऊन आपण आत. मीही कित्येक वर्षं अशीच उठले आहे. हातातली भाकरी टाकून उठले आहे.

नवऱ्याला या गोष्टीचा भारी तोरा होता. माझा आवाज ऐकून पाडा उठतो, असं तो म्हणायचा. आवाज ट्रॅक्टरचा होता, पण त्याला दोन्ही एकच वाटायचे.

तो त्या आवाजाच्या हातभर अंतरावर दिवसाचे आठ-दहा तास बसायचा, हे माझ्याही लक्षात यायला वेळ लागला. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग मी दारातून हाक मारली तरी तो बांधावर तसाच उभा. मला वाटलं, मुद्दाम करतोय. माझा स्वभाव तापट, मी दुप्पट आवाजात बोलायला लागले. मी अंगणवाडीत शिकवते. तिथल्या एका चिमुरडीनं आईला सांगितलं की बाई रोज रागावतात. मी रागावलेली नव्हते. माझा गळाच तसा झाला होता.

ओरडून काय काय सांगता येतं, ते मी त्या वर्षांत शिकले. जेवायला ये, डिझेल संपलंय, पाणी तापलंय. एवढंच आमच्यात बोललं जायचं. ओरडून लाड करता येत नाहीत आणि ओरडून मनातलं सांगता येत नाही. शेजारी चार भिंतींपलीकडे नाहीत, एका कुडापलीकडे आहेत. आमची भांडणं नव्हती, तरी आमचं घर मुकं झालं होतं. हे असंच वाढत गेलं तर एक दिवस या माणसाशी आपण फक्त हातवारे करत जगू, अशी मला भीती वाटायला लागली. ती मी कुणाला सांगितली नाही.

शेवटी त्याला हाताला धरून जव्हारला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तो येईना. वय झालं म्हणाला. चाळिशीलाही न पोचलेला माणूस. डॉक्टरांनी कानावर टोपणं लावून, बटणं दाबायला लावून बराच वेळ तपासलं. डावा कान बराच गेला होता. आवाजाचा पाइप डाव्या बाजूला होता आणि हा वळून मागची चाकं बघताना तोच कान पुढे करायचा. उजवा अजून बरा होता. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं मात्र सांभाळता येईल, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या एसटीत तो माझ्या उजवीकडे बसला होता. मी काही बोलले, ते त्याला ऐकू आलं नाही. मी उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले.

त्या उन्हाळ्यात मी ट्रॅक्टरच्या मागे हात धुऊन लागले. जव्हारच्या बाजारामागे एक वयस्कर मिस्त्री होता, फार कमी बोलणारा. त्यानं ट्रॅक्टर सुरू करायला सांगितला आणि हात फिरवत फिरवत आवाज कुठून कुठून येतो ते आम्हाला दाखवलं. मला वाटत होतं सगळा दोष पाइपचा. तसा नव्हता. इंजिनाला पाइप जिथं जोडतात तिथलं पॅकिंग जळलं होतं आणि धूर तिथूनच फटफटत बाहेर येत होता. बॉनेटचे बोल्ट ढिले होते. मडगार्डचा पत्रा पत्र्यावर आपटत होता. सीटखालच्या पेटीत नट आवळायचे पाने नुसते खुळखुळत होते. मिस्त्रीनं पॅकिंग बदललं, आतून कप्पे असलेला खरा सायलेन्सर बसवला आणि त्याचं तोंड नवऱ्याच्या डोक्याच्या वर नेऊन पलीकडे वळवलं. जुन्या ट्यूबचे तुकडे कापून बोल्टांखाली मीच घातले. पाने गोणपाटात गुंडाळले. उगाच रेस वाढवून चालवायचं नाही, गिअर बरोबर निवडला की इंजिन ओरडत नाही, एवढं मिस्त्री आम्ही निघताना म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला की नवऱ्याकडे, ते कळलं नाही.

माझा भाऊ ठाण्याला कारखान्यात आहे. कापसाचे बोळे काही कामाचे नाहीत असं सांगून त्यानं तिथं कामगार लावतात तसली कानावरची टोपणं पाठवली. ती पिवळी टोपणं लावून नवरा पहिल्यांदा सीटवर बसला तेव्हा अख्खा पाडा हसला. मीही हसले, पण मला फार बरं वाटलं.

आणि त्या बरं वाटण्यातच माझी चूक झाली.

आवणीचा पहिला दिवस. पाऊस धरलेला. ट्रॅक्टर खालच्या खाचरात उतरला आणि मी दारात उभी राहून तो किती हळू वाजतोय हेच ऐकत राहिले. वरच्या घरांना तो ऐकूच जाणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. नवऱ्याच्या तर कानावर टोपणं, त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नव्हतं. वरच्या अंगाला एक म्हातारी राहते, नात्यानं नवऱ्याची चुलती लागते, एकटीच आहे. दुपारी तिचं खाचर आलं. ती दिसली नाही, पण येईलच मुठी घेऊन, अशा हिशेबानं नवऱ्यानं चिखल केला आणि तो पुढच्या खाचरात गेला. म्हातारी चुलीपाशी बसून आवाजाची वाट बघत होती. तिला कळलं तेव्हा हाताशी असलेल्या बायका दुसऱ्याच्या आवणीला लागल्या होत्या आणि राब जागचा हललेला नव्हता. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, पाणी उतरलं, चिखल बसला. ती एकटी रोपं लावायला गेली तर बोट आत जाईना.

ती आमच्या दारात आली तेव्हा तिच्या अंगठ्याचं नख निघालं होतं. रडली नाही. नवऱ्याच्या उजव्या बाजूला उभी राहून ती एवढंच म्हणाली, की बारा महिने तुझा आवाज आयकते, काल नाय आयकला, म्हणून मी उठले नाय. तो आत गेला आणि लोखंड कापायची करवत घेऊन आला. सायलेन्सर कापायला निघाला होता.

मी ट्रॅक्टरच्या पुढे उभी राहिले. नवऱ्याचं तोंड अपराध्यासारखं झालं होतं. मला त्याच्यापेक्षा माझाच राग आला होता. मी चार घरं चढून सांगायला गेले असते तर यातलं काहीच झालं नसतं, असं मी तिला म्हणालेसुद्धा.

म्हातारीनंच त्याच्या हातातली करवत घेतली. ती खाली ठेवून त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "माझा चिखल तू उद्या परत करशील. कान कोण परत करील?"

दुसऱ्या दिवशी त्यानं तिचं खाचर पुन्हा चिखललं. पाड्यावरच्या सगळ्या बायका त्या दिवशी आधी तिच्या राबात उतरल्या, मी सगळ्यांच्या आधी. अंगणवाडी सुटल्यावर मीच घरोघरी जाऊन सांगायला लागले, आता तुमच्या आधी एक राहिलं, आता तुमचंच. पुढे मिस्त्रीनं बंद पडलेला हॉर्न चालू करून दिला आणि दोन खाचरं आधी तो तीनदा वाजवायचा असं ठरलं. पहिल्यासारखं नाही ते. हॉर्नला चिखल किती खोल आहे ते सांगता येत नाही. जुनी माणसं अजून कुरकुरतात, आणि त्यांचं चूक नाही.

आवणी संपल्यावरची गोष्ट. संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी त्याच्या उजवीकडे. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मोखाड्याला माझी आई वारली होती. आमचं लग्न तिला पसंत नव्हतं. कुणाकुणाच्या कामावर भटकणारा मुलगा, असं म्हणून ती आमच्या घरात कधी पाणीही प्यायली नव्हती, आणि तो ते मनात ठेवून होता. शेवटच्या आठवड्यात आईनं मला जवळ बोलावून काही सांगितलं होतं. ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून वर्षभर माझ्यापाशीच राहिलं होतं. त्या संध्याकाळी मी त्याला ते हळूच सांगितलं. आई म्हणाली होती, "जावय बरा माणूस हाय. मी उगाच तोंड वाकडा केला. सांग त्याला."

तो समोर बघत होता. ऐकू आलं की नाही, मला कळेना. मी आवाज चढवणार, तेवढ्यात त्यानं माझा हात धरला.

"आयकला मी," तो म्हणाला. "पण परत सांग."

मी परत सांगितलं, तितक्याच हळू.