पेशी राहते कुठं?

आमच्या अक्का कुणालाही नावानं हाक मारत नसत. माणूस जिथं राहतो तेच त्याचं नाव. माझे वडील हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपात लेथवर कामाला, घरही तिथंच. म्हणून अक्कांच्या धारवाडच्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी. होईपर्यंत "गोकुळ रोड" होतो. माझ्याबरोबरची सविता अमरगोळच्या मार्केट यार्डाजवळची, ती "अमरगोळ". नवनगरच्या एका मुलानं खोली बदलली तर अक्कांनी लगेच त्याचं नावही बदललं, आणि तो बिचारा कितीतरी दिवस हाकेला ओच देईना.

अक्का म्हणजे आमच्या गाइड. कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करायच्या. हुबळीच्या बाजारात त्यांच्या घरचं भांड्यांचं दुकान, आजोबा कोल्हापूरकडून येऊन तिथं स्थिरावलेले. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि प्रयोगशाळेत दोन्हीची सरमिसळ. मॅडम म्हटलेलं त्यांना खपत नसे.

पहिल्या भेटीला मी चांगली तयारी करून गेलो होतो. गाठीतल्या बहुतेक पेशी औषधानं मरतात, पण काही चिवट मूळपेशी मागं उरतात आणि त्यांच्यापासून गाठ पुन्हा उभी राहते, असं सांगून मी त्या मूळपेशींची लक्षणं घडाघडा म्हणायला लागलो.

"साकु, साकु! बास झालं," अक्का म्हणाल्या. "गुण काय सांगायलायस, लग्न जमवायचंय काय तिचं? राहते कुठं ते सांग की. शेजारी कोण? रक्ताची नळी किती लांब? प्राणवायू पोचतो का नाही?"

मग त्यांनीच समजावलं, "मूळपेशी एकटी काही करू शकत नाही रे. आजूबाजूच्या पेशी तिला खाऊ घालतात, निरोप देतात, लपवून ठेवतात. एखादी साधी कर्कपेशीसुद्धा त्या गल्लीत राहायला गेली की मूळपेशीसारखी वागायला लागते." त्या दिवसापासून मी गाठीकडं वस्ती म्हणून बघायला शिकलो.

गंमत अशी, की एवढं सांगणाऱ्या अक्काच एकदा फसल्या. रुग्णाच्या गाठीचा तुकडा काचेच्या बशीत वाढवायला ठेवला की कर्कपेशींबरोबर फायब्रोब्लास्टही वाढतात. शरीरात या पेशी मांसाला आधार देतात, पण बशीत तणासारख्या माजतात. त्यामुळं त्या धुऊन काढायच्या, अशी आम्हा लोकांची रीतच आहे. अक्का तर भांडीवाल्यांच्या घरातल्या. त्यांची बशी नेहमी लख्ख. अशा लख्ख बशीत त्यांनी एक नवं औषध घातलं आणि मूळपेशी पार मेल्या. शोधनिबंध छापून आला. अक्कांनी अख्ख्या विभागाला चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी खाऊ घातली. रुग्णांवर औषध वापरून बघण्याची बोलणी सुरू झाली, आणि प्राध्यापकपदासाठी त्यांचं नाव पुढं आलं. इतकी वर्षं रखडलेलं ते पद आता मिळणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

सविताला मात्र धुण्याचा मनापासून कंटाळा. तिच्या बशांत फायब्रोब्लास्ट राहून जायचे, आणि तिच्याकडं ते औषध काही केल्या चालेना. बशा खराब झाल्यात, टाकून द्या, असं सगळ्यांचं मत पडलं. अक्का म्हणाल्या, "टाकायच्या आधी बघू तर दे." सूक्ष्मदर्शकावर त्या वाकल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. मग माझी मान धरून मला खाली वाकवलं, "नोडु इल्ली! हे बघ. सगळीकडच्या मेल्या. ह्या कुठं जगल्यात? फायब्रोब्लास्टला चिकटून बसल्यात की!"

मग त्यांनी मुद्दाम शेजारी परत आणले. धुतलेल्या बशीत फायब्रोब्लास्ट सोडले, की मूळपेशी औषधाला दाद देईनात. पुन्हा करून पाहिलं, वेगळ्या रुग्णाच्या पेशींवर पाहिलं, तरी तेच. विभागप्रमुखांनी सुचवलं, "प्राध्यापकपदाची मुलाखत होऊन जाऊ दे, मग सांगा." अक्कांनी त्याच आठवड्यात निबंध मागं घेतला, रुग्णांवरच्या चाचणीची बोलणी थांबवली आणि धारवाडच्याच एका परिषदेत उभ्या राहिल्या. आधी लख्ख बशीचं चित्र दाखवलं, मग सविताच्या बशीचं, तिचं नाव घेऊन. सभागृहातून कुणीतरी जरा हसतच विचारलं, "म्हणजे तुमचं औषध चालत नाही तर?"

"चालतं की," अक्का म्हणाल्या. "एकट्या पेशीवर छान चालतं. पण माणसाच्या पोटात एकटी पेशी असते कुठं? शेजारी मीच हाकलून दिले होते. चूक माझी आहे." आवाज जरासुद्धा हलला नाही. मी शेवटच्या रांगेत होतो, आणि माझा ऊर असा भरून आला की टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

प्राध्यापकपद दुसऱ्या कुणाला मिळालं. अक्का सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी खोली आवरताना मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, मुलाखतीपर्यंत गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

त्या खोकं बांधत होत्या. दोरी तशीच धरून माझ्याकडं बघत म्हणाल्या, "ते औषध कुणाच्या तरी आईला दिलं असतं रे. गाठ परत आली असती. आणि आपण काय सांगितलं असतं तिच्या पोरांना? आईच्या शरीरानं साथ दिली नाही म्हणून!" मग गाठ मारली आणि खोकं माझ्या हातात दिलं.

अक्का दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर काही महिन्यांनी बंगळुरूच्या एका संस्थेत नोकरीसाठी माझी मुलाखत झाली. विषय तोच, गाठीभोवतीची वस्ती आणि मूळपेशी. समोरच्या एका तज्ज्ञांनी माझ्या गाइडचं नाव वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "निबंध मागं घेतला होता, त्याच का या?"

मी खुर्चीत ताठ झालो आणि म्हणालो, "हो सर. त्याच."